मी घातलेली अट

मला एका जागी बसवत नाही. जेवताना मी दोनदा उठते, सिनेमा अर्ध्यात सोडून बाहेर येते, आणि लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत पार्किंगमध्ये गाडीची किल्ली शोधत असते. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. सांगली ते सातारा हा रस्ता मी आठवड्यातून दोनदा तरी करते. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, मग हायवे आणि कराड. हायवेचं रुंदीकरण सुरू झाल्यापासून कुठला रस्ता कधी वळवतात हे मला तिथल्या ठेकेदारापेक्षा जास्त माहीत झालंय. मध्यंतरी एक ड्रायव्हर ठेवला होता. त्याला दोन महिन्यांत दुसरीकडे नोकरी बघून दिली, कारण मागच्या सीटवर हात बांधून बसणं मला जमेना.

इस्लामपूरच्या पंपावर अजूनही एखादं वयस्कर माणूस काचेतून वाकून बघतं आणि विचारतं, "तुमी ती सिनेमातली रडणारी पोरगी न्हवं?" तीच मी. सहाव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत मी मराठी सिनेमात रडले. सुरुवात अगदी योगायोगाने झाली. आम्ही वाईला मावशीकडे गेलो होतो, घाटावर शूटिंग चाललं होतं, त्यांच्या ठरलेल्या मुलीला गोवर निघाला आणि मी बर्फाच्या गोळ्यासाठी भोकाड पसरून बसले होते. दिग्दर्शकाने तिथल्या तिथे आईला गाठलं. पुढे मी सावत्र आईच्या हातचा मार खाल्ला, जत्रेत हरवले, दोनदा पोरकी झाले. ग्लिसरीन मला कधीच लागलं नाही. सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघू लागले की मला आपोआप रडू यायचं.

वडिलांचा सांगलीत हळदीचा व्यापार होता, माधवनगरच्या एका गिरणीत भागीदारी होती, आणि मी एकुलती एक. सिनेमा म्हणजे त्यांच्या लेखी सुट्टीतली गंमत. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा बाजारपेठेतल्या कुणीतरी त्यांना चारचौघांत विचारलं, की शेटजी, मुलीच्या डोळ्यांतल्या पाण्याला काय भाव मिळतो? त्या दिवशी ते घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "पेढीची मुलगी इथून पुढं लोकांसमोर रडणार नाही." विषय संपला. ही गोष्ट मी पुढे कितीतरी समारंभांत सांगितली आहे. बाबांनी माझं बालपण वाचवलं, असा तिचा शेवट असायचा, आणि तिथे टाळ्या यायच्या. मला स्वतःलाही ते पटलेलं होतं.

वडील गेल्यावर सगळं माझ्या नावावर आलं. जमीन, गोदामं, शेअर्स, आणि हे सगळं बघायला पुरेल एवढी अक्कल आपल्याला आहे का ही शंका. मी लग्न केलं नाही, खर्चाची हौस नव्हती. मग मी छोट्या छोट्या धंद्यांत पैसे घालायला लागले. लोक मला दानशूर वगैरे म्हणतात, त्याचा मला राग येतो. दान केलं की माणूस हात झटकून मोकळा होतो. मी भांडवल घालते, नफ्याची घाई करत नाही, पण काम स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे याचा तगादा लावते. आणि प्रत्येक ठिकाणी एक अट घालते. मिरजेत दवाखान्यांतल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबे पुरवणाऱ्या दहा-बारा बायका आहेत. त्यांना मी सांगितलं होतं, की प्रत्येकीला आठवड्यातून एक सुट्टी मिळणार असेल तरच मोठी शेगडी येईल. तेव्हा त्यांनी नाकं मुरडली. वर्षभराने त्यांच्यातलीच एक म्हणाली, की बाई, ती सुट्टी नसती तर मी काम सोडलं असतं. असं दोन-चार वेळा झालं, आणि अट घालायची आणि ती बरोबर निघायची, याची मला चटक लागली.

आता एका मालिकेबद्दल सांगते. विश्रामबागेत आमचा फ्लॅट आहे, तिथे मी आणि आई राहतो. आईचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. दर रविवारी संध्याकाळी ती टीव्हीवर यूट्यूब लावून एक मालिका बघायची. कराडच्या पलीकडच्या एका गावातल्या पोरांनीच ती बनवलेली. सरपंच, त्याचा मेव्हणा, सोसायटीचा चेअरमन, दूध डेअरीवरची भांडणं, असा सगळा मामला. त्यात दहा वर्षांची एक मुलगी होती. ती गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला उलट उत्तर द्यायची, आणि ते देण्याआधी एक क्षण थांबून त्याच्याकडे नुसतं बघायची. त्या बघण्याला आई खो खो हसायची. मीही हसायचे, पण उभ्यानेच, दाराच्या चौकटीला टेकून.

त्या पोरांचा मेल मला आला तेव्हा म्हणूनच मी लगेच ओळखलं. दिग्दर्शक तिशीतला. आयटीआय करून पुण्यात कंपनीत लागला होता, लॉकडाऊनमध्ये गावी आला तो परत गेलाच नाही. गावातली अठरा-वीस माणसं या मालिकेवर थोडंफार कमवत होती. दोन मुली एडिटिंग शिकल्या होत्या. त्यांना हवी होती आवाजाची चांगली यंत्रं, एडिटिंगसाठी एक खोली आणि सोलर, कारण लाईटचा काही भरवसा नाही. मागणी रास्त होती. मी त्याच शनिवारी गाडी काढली.

एप्रिलचं ऊन होतं. एका गोठ्यासमोरच्या अंगणात शूटिंग चाललं होतं आणि मला पहिल्या दहा मिनिटांत कळून चुकलं की इथलं कामच वेगळं आहे. सरपंचाचं काम करणारा गडी खरोखर शेतकरी. त्याच्या शेतावरच्या पंपाची लाईट अकराला यायची होती, तेव्हा त्याचे शॉट त्याच्या आत उरकायचे. चेअरमनची म्हैस व्यायला झालेली, तो दर पाच मिनिटांनी फोन बघत होता. मेकअप म्हणजे एक टॉवेल. मी पुढे होऊन बघायला लागले तर मागून आवाज आला, "ओ बाई, फ्रेममधनं सरका." तीच मुलगी. मी मुकाट्याने सरकले. कुणीतरी मला प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली आणि काय नवल, मी तिच्यावर दोन तास बसले.

शॉट असा होता, की मुलीने दुधाची चरवी घेऊन पळत यायचं, सरपंचाच्या अंगावर दूध सांडायचं आणि मग त्याच्याकडे बघायचं. तिच्या पायांत चप्पल नव्हती. अंगणातली फरशी तापलेली. पहिला शॉट झाला, मला तर छान वाटला. दिग्दर्शकाने तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली. नको, अशी. तो म्हणाला, परत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तिने मान हलवली आणि तो म्हणाला, परत. पाचव्या वेळेला तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. सातव्याला एकदाचं झालं. ती सावलीत गेली आणि एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा तळवा चोळायला लागली.

मला माझं सगळं आठवलं. वाईच्या घाटावर जानेवारीतल्या पहाटे कमरेएवढ्या पाण्यात मला चार वेळा उभं केलं होतं. ओठ निळे पडले होते, आणि आई पायरीवर टॉवेल घेऊन उभी होती. हीही गोष्ट मी समारंभांत सांगते. त्या गोठ्यासमोर बसल्या बसल्या माझं डोकं सणकलं. लहान मूल मान हलवून नको म्हणतंय आणि सगळे मोठे लोक परत, परत करताहेत. मी तिथेच मनात अट ठरवून टाकली.

करार मी एका पानाचाच करते. त्यात लिहिलं, चौदा वर्षांखालचं मूल कॅमेऱ्यासमोर उभं करायचं नाही. दिग्दर्शकाचा चेहरा पडला. तो म्हणाला, की मॅडम, लोक तिलाच बघायला येतात. मी त्याला तापलेल्या फरशीबद्दल बोलले, शाळेबद्दल बोलले, माझ्या स्वतःबद्दल तर बरंच बोलले. वाद घालण्यात मी कुणाला हार जात नाही. शेवटी तो म्हणाला, तिच्या आईला विचारू. मुलीचे वडील फौजेत, लांब कुठंतरी सीमेवर, आणि आई घरची गुरं आणि शेत बघायची. ती आली, पदर खोचून उभ्या उभ्या सगळं ऐकलं, नवऱ्याला फोन लावला, त्यालाही ऐकवलं. मग म्हणाली, "ताई, तुमी सोता ह्यातनं गेलाय. तुमी म्हंताय तर पोरीच्या भल्याचंच असंल." मुलगी तेव्हा शाळेत होती. तिच्या माघारी आम्ही चौघांनी मिळून तिचं भलं करून टाकलं.

सांगलीला परत येताना मी गाणी लावली होती. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

महिन्याभरात सोलर बसलं, खोली झाली, नवे माईक आले. मालिकेत दाखवलं, की मुलगी शिकायला पुण्याला मामाकडे गेली. आणि मी मात्र दर शनिवारी तिथे जायला लागले. कामाचं निमित्त असायचं. कधी बिलं बघायची, कधी सोलरवाल्याशी बोलायचं. खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीवर जाऊन बसायचं असायचं. आधी मी गप्प बसायचे. मग एकदा हळूच सुचवलं, की हा शॉट खालून घेतला तर? त्यांनी घेतला, चांगला आला. मग दिग्दर्शक प्रत्येक शॉटनंतर माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली की तो परत घ्यायचा. घरी मी पाच मिनिटं टेकत नाही, आणि तिथे सकाळी नऊला बसलेली दुपारी दोनला उठायचे. याचं आश्चर्य मला एकदाही वाटलं नाही.

आईने पहिल्या रविवारी विचारलं, "पोरगी कुठं गेली गं?" पुण्याला गेली, मी म्हटलं. दुसऱ्या रविवारी तिने परत विचारलं, कधी येणार? तिसऱ्या रविवारी ती मालिका लावायचीच विसरली. चौथ्या रविवारी मी स्वतःहून लावून दिली, तर दहा मिनिटांत म्हणाली बंद कर, त्यात आता काही राम नाही. तेव्हा मी तिला सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं, की मीच तिला काढायला लावलं, बाबांनी मला वाचवलं होतं तसं.

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"तू आठ दिवस बोलली नव्हतीस," ती म्हणाली.

मी विचारलं, कधी?

"त्यांनी सिनेमा बंद केला तेव्हा. जेवणाचं ताट समोर ठेवलं तर नुसती बघत बसायचीस. त्यांनी तुला महाबळेश्वरला नेलं, घोड्यावर बसवलं, काही उपयोग झाला नाही. एकदा मी गच्चीवर वाळवण बघायला गेले, तर तू पाण्याच्या टाकीसमोर उभी राहून मोठ्यामोठ्याने संवाद म्हणत होतीस. सगळ्यांचे. आईचे, बापाचे, इन्स्पेक्टरचे. मी जिन्यातच बसून राहिले. खाली येऊन यांना सांगायचं धाडस झालं नाही मला."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी आईला म्हटलं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय, मी तर सुटले होते, मला आनंद झाला होता. ती म्हणाली, "तू तसं समारंभात म्हणायला लागलीस तेव्हा मला वाटलं, तुला तसंच सोपं जात असेल. म्हणून मी बोलले नाही." आणि तिने टीव्ही बंद केला.

मी चिडले. आईवर चिडले, मग वडिलांवर, मग कुणावर चिडावं ते कळेना तेव्हा स्वयंपाकघरातले डबे काढून पुसत बसले. पुढचे पाच दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. सोमवारी मिरजेला जाते म्हणून निघाले आणि हरिपूरच्या रस्त्याला लागले. बुधवारी एका मीटिंगमध्ये कुणी काय विचारलं ते मला दोनदा विचारावं लागलं. मधूनच मला टाकी आठवायची. म्हणजे टाकी आठवत होती, तिच्या तळाशी धरलेलं शेवाळ आठवत होतं, पण तिच्यासमोर उभी असलेली मी काही केल्या आठवत नव्हते. आठवायची ती दुसरीच मुलगी, गोठ्यासमोरच्या सावलीत एका पायावर उभी असलेली.

शनिवारी मी नेहमीसारखी निघाले, पण गावात पोचल्यावर गाडी शूटिंगकडे घेतली नाही. मुलीचं घर विचारलं. ते गोठ्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे निघालं. इतके शनिवार मी तिथे येत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

घराच्या पुढच्या सोप्यावर मुलगी वही घेऊन बसली होती. सहावीत गेली होती, थोडी उंचही झाली होती. मला बघून ती उठली नाही. तिची आई लगबगीने बाहेर आली, सतरंजी टाकली, पाणी आणलं, आणि मुलीला म्हणाली, की ताईंशी बोल की. मुलगी वहीत बघत राहिली.

मी इकडचं तिकडचं बोलून बघितलं. शाळा कशी चाललीय, गणित आवडतं का. ती एका शब्दात उत्तरं देत होती. शेवटी मी सरळच विचारलं, की तुला शूटिंग आवडायचं का?

"व्हय," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

तिने पहिल्यांदा वर बघितलं. तेच ते बघणं, उत्तर देण्याआधीचं. या वेळी ते माझ्यावर होतं आणि मला अजिबात हसू आलं नाही.

"तुमी कुटं इचारलं?"

मी गडबडले. मी म्हटलं, की अगं, त्या दिवशी मी बघत होते, चरवीचा शॉट होता, फरशी तापली होती, तू सारखी मान हलवून नको म्हणत होतीस आणि ते लोक ऐकत नव्हते. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी शुद्धीवर नाही. मग आईकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"नगं न्हवते म्हणत. शॉट नीट आला न्हवता म्हणून मान हलवली. ती सगळी कटाळली व्हती, मीच परत घ्याला लावलं. सातव्याला नीट आला."

तिची आई हळूच म्हणाली, "तसंच हाय तिचं ताई. सोताला पटल्याबिगर सोडत न्हाई."

इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. मी त्या अंगणात दोन तास बसून एक मुलगी आपलं काम मनासारखं होईपर्यंत झगडताना बघितली होती, आणि मला त्यात दिसलं काय, तर बिचारी. ज्या मुलीला सगळ्या गावात काम कळत होतं तिलाच मी कामावरून काढलं होतं. आणि पुन्हा वर गाणी लावून घरी गेले होते.

मी म्हटलं, "माझं चुकलं. ती अट मी आजच काढते. तू परत ये."

मला वाटलं ती उडी मारेल. ती नुसती पेन्सिलीचं टोक वहीवर आपटत राहिली.

"आन् तुमच्या मनात आलं म्हंजी परत काढशिला."

"नाही काढणार."

"कशावरनं?"

मी बोलता बोलता किती माणसांची कामं फिरवते, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, लिहून देते. तिने वहीचं मधलं पान नीट, शिवण न उसवता काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि पेन आणायला आत गेली. मी लिहिलं, की चौदा वर्षांची अट रद्द, आणि या मुलीला तिच्या आणि तिच्या आईच्या मर्जीशिवाय कामावरून कुणी काढणार नाही. शाळेच्या दिवशी शूटिंग नाही, हे मी घालू का, असं या वेळी तिला विचारलं. ती म्हणाली, घाला, तसं बी शनवार-रविवारच असतंय. आणि पायांत चप्पल? ती म्हणाली, शॉटमधी न्हाई, बाकी येळंला घालीन. तेही मी तसंच लिहिलं. मी सही करणार तेवढ्यात तिने कागदावर हात ठेवला.

"माझी बी एक अट हाय."

बोल, मी म्हटलं.

"तुमी शूटिंगला यायचं न्हाई."

तिच्या आईने तोंडावर हात नेला. अगं ए, काय बोलतीस, ताईंनी केवढं केलंय आपल्या गावाला, असं काहीबाही ती बोलत होती. मी तिला थांबवलं. मुलीला विचारलं, का?

"मला काढलं आन् माझ्या जागंवर तुमी यिऊन बसला. दर शनवारी. मी हितनं बघत व्हते."

मी मान वळवली. सोप्यावरून रस्त्यापलीकडचं अंगण स्पष्ट दिसत होतं. माईकची काठी धरलेला पोरगा, टॉवेलने तोंड पुसणारा सरपंच, आणि कडुनिंबाच्या सावलीत माझ्यासाठी मांडून ठेवलेली लाल खुर्ची. कुणीही तिच्यावर बसलं नव्हतं.

मला त्या क्षणी रडू येऊ लागलं. खरं सांगते, मला त्या मुलीपेक्षा स्वतःचं वाईट वाटलं. माझ्या मनात आलं, की दुसरं काहीही माग. पैसे माग, पुण्याची शाळा माग, हे नको. अख्ख्या आठवड्यात मला एकच दिवस चैन पडायचं, ते त्या खुर्चीवर. हे मला तोपर्यंत कुणाला सांगता आलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. तिच्यासमोर रडले असते तर ती तेवढ्यापुरती विरघळली असती कदाचित. लहानपणी मी मोठमोठ्या माणसांना विरघळवलं होतं. मी खाली बघून लिहिलं, की मी शूटिंगला येणार नाही, आणि सही केली.

तिने कागद दोन्ही हातांत धरून सबंध वाचला, ओठ हलवत.

"तारीख ऱ्हायली," ती म्हणाली.

मी तारीख घातली. तिने कागदाची घडी केली, आत जाऊन कुठंतरी ठेवली, चप्पल पायांत सरकवली आणि रस्ता ओलांडून पळाली. अंगणात एकदम आरडाओरडा झाला. सरपंचाने तिला उचललं बहुतेक, मला नीट दिसलं नाही, कारण मी पाठ फिरवली होती. अट अट असते.

तिची आई म्हणाली, "बसा ताई, च्या टाकती. आत चुलीम्होरं बसा, तितनं काय दिसत न्हाई."

मी आत गेले. चहा उकळेपर्यंत बाहेरचा आवाज येत होता. मग कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं, आणि त्या शांततेत मी चहाचं भांडं उतरवायला घेतलेला चिमटा हातात धरून उभी राहिले. खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मग तिचा आवाज आला, चढा, स्पष्ट.

"परत."